मुंबई विद्यापीठाचे आरंभीचे प्रवेश व पदवीविषयक नियम : काही शब्दांच्या आधारे एक विचार

(१)

विद्यापीठाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखकाचे लक्ष बहुधा कुलगुरूंची नामावळी, देणग्या, इमारती आणि नामांकित पदवीधर यांच्याकडे जाते. नियमांची पुस्तके मात्र कपाटातच राहतात. त्यांत वाचण्यासारखे ते काय असणार, असा आपला समज असतो. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. इतिहास हा त्याचा शेजारधर्म. तथापि भाषेच्या अभ्यासकाला नियमांच्या पुस्तकासारखे दुसरे साधन क्वचितच मिळते. कवीच्या शब्दाचा अर्थ वाचकागणिक बदलला तरी कोणाचे नुकसान होत नाही. परंतु नियमातील एका शब्दाचा अर्थ बदलला तर कोणाला तरी दरवाजा उघडतो किंवा कोणाच्या तरी तोंडावर तो लागतो. शब्दाच्या अर्थाला इतकी रोकडी किंमत दुसरीकडे फारशी आढळत नाही.

या लेखनास निमित्त झाले ते एका लहानशा प्रसंगाचे. काही वर्षांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी, खेड्यातून आलेली एक विद्यार्थिनी प्रस्तुत लेखकाकडे आली व तिने विचारले, “सर, ही ए.टी.के.टी. नावाची परीक्षा केव्हा असते?” तिला वाटत होते की, ज्या विषयांत आपण नापास झालो त्यांची ही कोणती तरी निराळी परीक्षा असावी. ‘केटी लागली’ हा शब्दप्रयोग तिच्या कानांवरून शंभर वेळा गेला होता; त्या अक्षरांचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. सांगावा तरी कोणी? वर्गातील इतरांना विचारले तेव्हा असे आढळून आले की, चाळीसांपैकी चौघांनाही तो सांगता येत नव्हता. त्या मुलीने अर्ज भरावयाची मुदत त्या समजुतीतच घालविली होती. तिचे एक सत्र वाया गेले. तेव्हापासून असे वाटत आले की, ज्या नियमांवर विद्यार्थ्याचे वर्ष अवलंबून असते त्या नियमांतील शब्द कोठून आले, याचा मागोवा घ्यावा. त्या शोधातून जे हाती आले ते येथे संक्षेपाने मांडले आहे.

(२)

१८५४ सालच्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे स्थापावीत असे सुचविले आणि १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील तीन विद्यापीठांचे कायदे झाले. मुंबई विद्यापीठाचा कायदा त्या वर्षीच्या जुलै महिन्यातील. उत्तरेत उठाव पेटलेला असताना हे कायदे पुऱ्या शांततेने संमत होत होते, ही गोष्ट अनेकांनी नमूद केली आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ही विद्यापीठे शिकविणारी नव्हती. परीक्षा घेणारी होती. शिकविण्याचे काम एल्फिन्स्टन कॉलेज, पूना कॉलेज (हेच पुढे डेक्कन कॉलेज झाले) व ग्रँट मेडिकल कॉलेज यांसारख्या संस्थांचे. विद्यापीठाचे काम परीक्षेस कोणी बसावे आणि उत्तीर्ण कोणास म्हणावे हे ठरविण्याचे. अर्थात अशा विद्यापीठाचे सारे अस्तित्वच नियमांत होते. त्याला ना वर्ग होते, ना प्राध्यापक; होती ती नियमावली, परीक्षक आणि निकाल. किंबहुना, आरंभीच्या काळात मुंबई विद्यापीठ म्हणजे नियमांचे एक पुस्तक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

या पुस्तकातील पहिला दरवाजा म्हणजे मॅट्रिक्युलेशन. लॅटिन भाषेत ‘मात्रिकुला’ म्हणजे नोंदवही, पट. पटावर नाव चढणे म्हणजे मॅट्रिक होणे. हा शब्द ‘मात्रिक्स’पासून व तो ‘मातेर’ म्हणजे ‘माता’ या शब्दापासून आलेला आहे. आपल्या ‘मातृ’ शब्दाशी त्याचे मूळचे नाते आहे. युरोपातील जुन्या विद्यापीठांत मॅट्रिक होणे हा एक विधी होता : विद्यार्थ्याने यावे, शपथ घ्यावी आणि नाव लिहवावे. परीक्षा ही त्यातील मुख्य गोष्ट नव्हे. लंडन विद्यापीठाने तिला परीक्षेचे रूप दिले आणि ते रूप मुंबईस आले. मराठीत तर या शब्दाचा मूळ अर्थ पूर्णपणे लोपला. ‘मॅट्रिक’ म्हणजे विद्यापीठाच्या पटावरील नोंद असे कोणास वाटेनासे झाले. मॅट्रिक म्हणजे शाळेचा शेवट, मॅट्रिक म्हणजे कारकुनीची पात्रता, मॅट्रिक म्हणजे लग्नाच्या बाजारातील मुलाचे मोल. प्रवेशाला असलेला शब्द समाप्तीला लागला.

हा अर्थबदल का झाला हे समजण्यास पहिल्या परीक्षेचा निकाल पुरेसा आहे. १८५९ साली झालेल्या त्या परीक्षेस शंभरांवर उमेदवार बसले आणि उत्तीर्ण झाले ते जेमतेम वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. पुढे तीन वर्षांनी, १८६२ साली, बी.ए.ची पहिली परीक्षा झाली आणि रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे असे चौघे पदवीधर झाले. या चार नावांचे तेज इतके आहे की, मागे राहिलेल्यांचा विचार आपल्या मनातही येत नाही. परंतु नियमाचा इतिहास हा जितका आत गेलेल्यांचा, तितकाच बाहेर राहिलेल्यांचा असतो. जो दरवाजा ओलांडून सहांपैकी एखादाच आत जातो, तो बाकीच्यांच्या लेखी शेवटच असतो. त्या बहुसंख्यांनी ‘मॅट्रिक’ शब्दाला दिलेला अर्थच मराठीत टिकला, यात नवल नाही.

(३)

दुसरा शब्द ‘टर्म’. मॅट्रिक झालेल्या विद्यार्थ्याने पदवीच्या परीक्षेस बसण्यापूर्वी संलग्न कॉलेजात ठराविक टर्म्स ‘भरल्या’ पाहिजेत व तसा दाखला प्राचार्यांकडून आणला पाहिजे, असा नियम होता. इंग्रजीत यास टर्म ‘राखणे’ या अर्थाचे क्रियापद लावीत. हा प्रयोग ऑक्सफर्ड-केंब्रिजचा व लंडनमधील बॅरिस्टरांच्या संस्थांचा आहे. तेथे टर्म राखणे म्हणजे त्या मुदतीत त्या जागी राहणे, इतरांसमवेत जेवणे, त्या समाजाचा घटक होणे. बॅरिस्टर होण्यासाठी ठराविक संख्येने भोजने घ्यावी लागत, ही गोष्ट विलायतेस जाऊन आलेल्या आपल्या अनेक गृहस्थांनी मोठ्या गमतीने वर्णिली आहे. वास्तविक तीत गमतीचे काही नाही. विद्या ही सहवासाने येते, केवळ पुस्तकाने येत नाही, या जुन्या श्रद्धेचे ते अवशिष्ट रूप होय. आपल्याकडील गुरुगृही वास करण्याच्या कल्पनेशी ते अगदी जुळणारे आहे.

मराठी विद्यार्थ्याने मात्र टर्म ‘राखली’ नाही. त्याने ती ‘भरली’. या क्रियापदाच्या निवडीकडे लक्ष द्यावे. आपण शिक्षा भरतो, दंड भरतो, दिवस भरतो, नोकरीची वर्षे भरतो. जे दुसऱ्याने ठरवून दिलेले असते आणि पुरे केल्यावाचून सुटका नसते, ते आपण भरतो. विद्यार्थ्यांनी कोणत्याही कोशकाराला न विचारता हे भाषांतर केले आणि त्यात नियमाविषयीचे आपले मत नोंदवून ठेवले.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लंडन विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवून आपली विद्यापीठे १८५७ साली निघाली. आणि पुढच्याच वर्षी, १८५८ च्या नव्या सनदेने, लंडनने कॉलेजात शिकल्याच्या दाखल्याची अट वैद्यकाखेरीज इतर पदव्यांसाठी काढून टाकली. कोणीही, कोठेही शिकलेला असो, परीक्षेस बसावे. कोष्टी, शाळामास्तर, वसाहतीत राहणारा कारकून यांना त्यामुळे पदवीचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे मात्र संलग्न कॉलेजाची व टर्म्सची अट राहिली. तिचे समर्थनही करता येते : कॉलेजे वाढावीत, केवळ घोकंपट्टीने पदवी मिळू नये, हा तिच्यामागील हेतू वाईट नव्हता. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने संलग्नीकरणाच्या अटी अधिक कडक केल्या, त्याही याच हेतूने. तथापि परिणाम असा झाला की, ज्याला मुंबई किंवा पुणे अशा शहरी राहण्याचा खर्च झेपत नव्हता त्याला बुद्धी असूनही पदवी मिळणे दुरापास्त झाले. वार लावून जेवणारा, माधुकरी मागणारा विद्यार्थी हे आपल्या एकोणिसाव्या शतकातील चरित्रग्रंथांतून वारंवार भेटणारे पात्र आहे. त्याच्या उपासामागे गरिबी होती तसा हा टर्म्सचा नियमही होता, हे चरित्रकार सहसा सांगत नाहीत.

ए.टी.के.टी. ही अक्षरे या नियमाची शेवटची खूण होय. ‘अलाउड टु कीप टर्म्स’, म्हणजे मागील काही विषय राहिले असले तरी पुढील टर्म भरण्यास परवानगी. इंग्लंडातील भोजनगृहांतून निघालेले ते क्रियापद मराठी मुलाच्या तोंडी ‘केटी’ होऊन बसले आहे. मूळ शब्दात ‘परवानगी’ आहे. आपल्या ‘केटी लागली’ या प्रयोगात मात्र ती साडेसाती लागावी तशी लागते. सवलतीचा शब्द संकटाचा झाला, कारण ती सवलत आहे हे विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेच नाही.

(४)

आता तिसऱ्या मुद्द्याकडे वळू. हा आपल्या विभागाच्या अस्तित्वाशी निगडित आहे. वुडच्या खलित्यात इंग्रजीबरोबर देशी भाषांचाही पुरस्कार केलेला होता. विद्यापीठात देशी भाषांसाठी अध्यापकपदे असावीत, अशी सूचनाही त्यात होती. त्यास अनुसरून मुंबईच्या आरंभीच्या परीक्षांत मराठी, गुजराती इत्यादी भाषांना जागा देण्यात आली होती. कलकत्त्यास तर आरंभीची काही वर्षे प्रवेशपरीक्षेत इतिहास, भूगोल, गणित या विषयांची उत्तरे देशी भाषेत लिहिण्याची मुभा होती. हे सर्व १८६० नंतर झपाट्याने मावळले. मुंबईत वरच्या परीक्षांतून मराठी गेली आणि इंग्रजीखेरीज जी ‘दुसरी भाषा’ घ्यावयाची ती संस्कृत, लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी यांसारखी अभिजात भाषाच असली पाहिजे असे ठरले. या काळात एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य व पुढे कुलगुरू झालेले सर अलेक्झांडर ग्रँट यांचे विद्यापीठात मोठे वजन होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे हे संपादक; अभिजात भाषांखेरीज उच्च शिक्षण संभवत नाही, ही त्या पिढीच्या ऑक्सफर्डची धारणा होती.

ग्रँट यांच्या पक्षाचा युक्तिवाद प्रामाणिक होता हे मान्य करावयास पाहिजे. ज्या भाषेत परीक्षेस लावण्याजोगे गद्य ग्रंथ नाहीत ती भाषा परीक्षेस कशी ठेवावी, असे ते म्हणत. परंतु या युक्तिवादात एक चक्र आहे. ग्रंथ नाहीत म्हणून भाषा परीक्षेत नाही. भाषा परीक्षेत नाही म्हणून पदवीधर ती अभ्यासत नाहीत. पदवीधर अभ्यासत नाहीत म्हणून ग्रंथ नाहीत. शिवाय ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम, मुक्तेश्वर, मोरोपंत यांचे वाङ्मय तर होतेच. मद्रास विद्यापीठाने याच काळात देशी भाषांना पदवी परीक्षेपर्यंत दुसऱ्या भाषेची जागा राहू दिली. तेव्हा ही गोष्ट अशक्य होती असे नव्हे. मुंबईने ती केली नाही, इतकेच.

या परिस्थितीतील विसंगती पाहावयाची असेल तर १८७७ साल पाहावे. त्या वर्षी भांडारकरांनी विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. संस्कृतपासून प्राकृतांपर्यंत व प्राकृतांपासून मराठी, गुजराती, हिंदी आदी भाषांपर्यंतची परंपरा त्यांनी त्या व्याख्यानांत उलगडून दाखविली. हिंदी माणसाने आधुनिक पद्धतीने केलेल्या भारतीय भाषाशास्त्राचा तो एका अर्थी आरंभ होय. म्हणजे विद्यापीठाच्या व्यासपीठावर मराठी ही शास्त्राचा विषय झाली होती. परंतु त्याच विद्यापीठाच्या बी.ए.च्या परीक्षेत तिला प्रवेश नव्हता. मराठीच्या घडणीचा पहिला विस्तृत शास्त्रीय ग्रंथ पुढे पॅरिसमध्ये, ज्यूल ब्लॉक यांनी फ्रेंच भाषेत लिहिला, याचे आपण नेहमी आश्चर्य करतो. मराठी मुलाला मराठी घेऊन पदवी मिळत नव्हती एवढे लक्षात ठेवले म्हणजे त्या आश्चर्याचे कारण उरत नाही.

रानडे यांनी हा प्रश्न आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडला नाही. मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचा त्यांचा १८९८ चा इंग्रजी निबंध आपण वाङ्मयेतिहासाचे साधन म्हणून वाचतो. वास्तविक त्याचे प्रयोजन नियम बदलण्याचे होते : वाङ्मय नाही हा आक्षेप प्रकाशित ग्रंथांची मोजदाद पुढे ठेवून खोडून काढावयाचा. रानडे यांचे निधन १६ जानेवारी १९०१ रोजी झाले. एम.ए.च्या परीक्षेत देशी भाषांना स्थान मिळाले ते त्याच सुमारास. म्हणजे मराठी विद्यापीठात आली ती खालच्या पायरीवरून चढून नव्हे, तर माडीच्या खिडकीतून. पदवीच्या परीक्षेत तिला तिची जागा मिळण्यास त्यानंतरही वाट पाहावी लागली. आज या विभागात एम.ए.स बसणाऱ्या विद्यार्थ्याने हा क्रम एकदा मनाशी आणावा. आपण ज्या बाकावर बसतो तो चाळीस वर्षांच्या अर्जविनंत्यांनी मिळालेला आहे.

(५)

चौथा शब्द सर्वांत लहान आहे : ‘तो’. नियमांत उमेदवाराविषयी बोलताना इंग्रजीतील पुल्लिंगी सर्वनाम वापरलेले होते. ‘त्याने’ अर्ज करावा, ‘त्याची’ वर्तणूक चांगली असावी, ‘त्यास’ पदवी मिळेल. स्त्रियांना परीक्षेस बसता येणार नाही, असा नियम कोठेही केलेला नव्हता. करण्याची गरजच कोणास वाटली नव्हती. मुलींच्या वतीने जेव्हा विचारणा होऊ लागली, तेव्हा प्रश्न उभा राहिला तो समाजशास्त्राचा नव्हे, तर व्याकरणाचा : या सर्वनामात ‘ती’ येते की नाही?

हा प्रश्न वाटतो तितका बालिश नव्हता. इंग्लंडात १८५० साली पार्लमेंटने कायद्यांच्या अर्थनिर्णयासाठी असे ठरविले होते की, पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा. हिंदुस्थानात १८६८ च्या पहिल्या कायद्याने हेच तत्त्व येथील कायद्यांस लावले. परंतु ते त्यानंतर होणाऱ्या कायद्यांपुरते. विद्यापीठाचा कायदा तर १८५७ चा. शिवाय १८६८ सालीच इंग्लंडच्या न्यायालयाने मताधिकाराच्या खटल्यात असा निर्णय दिला की, तेथील कायद्यातील ‘मॅन’ या शब्दात स्त्री येत नाही. १८७३ साली स्कॉटलंडच्या न्यायालयाने एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकू पाहणाऱ्या स्त्रियांविरुद्ध निकाल दिला. सारांश, कर भरताना व शिक्षा भोगताना ‘तो’ मध्ये ‘ती’ येत असे. हक्क मागताना येत नसे. व्याकरण एकच, अर्थ मात्र प्रसंग पाहून बदलत होता.

कलकत्ता व लंडन या विद्यापीठांनी १८७८ साली स्त्रियांस परीक्षा खुल्या केल्या. कादंबिनी बसू व चंद्रमुखी बसू या १८८३ साली कलकत्त्याच्या पदवीधर झाल्या. त्याच साली मुंबईनेही निर्णय घेतला. तो कसा घेतला हे पाहण्यासारखे आहे. नियम पुन्हा लिहिले नाहीत. नियमांतील पुल्लिंगी शब्दांच्या अर्थात स्त्रियांचाही अंतर्भाव समजावा, एवढेच ठरविले. म्हणजे एक अक्षरही न हलविता शब्दांचा अर्थ बदलला. वीस-पंचवीस वर्षे जे ‘अशक्य’ होते ते एका व्याख्येने शक्य झाले. यावरून असे दिसते की, आडवे आले होते ते व्याकरण नव्हतेच. व्याकरणाला पुढे करून मागे उभी असलेली इच्छा आडवी आली होती.

नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या डेक्कन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या थोरल्या बहिणींसाठी पूर्वी केलेला प्रयत्न फसला होता. कॉर्नेलियांचा निकाल इतका चांगला होता की, इंग्लंडात शिकण्यासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. परंतु त्या शिष्यवृत्तीच्या नियमातील ‘तो’ अजून ‘तो’च होता. त्या खाजगी मदतीने ऑक्सफर्डला गेल्या व १८९२ साली तेथील कायद्याच्या परीक्षेस बसल्या. मात्र ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी देण्यास प्रारंभ केला तो १९२० साली. मुंबईच्या ‘तो’ने ‘ती’ला आत घेऊन तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षे लोटली होती. ज्यांच्याकडून आपण नियम घेतले त्यांच्यापुढे आपण या एका बाबतीत होतो, हे नमूद करावयास संकोच नको.

मराठी भाषेच्या रचनेत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. इंग्रजीत लिंग दिसते ते बहुतांशी सर्वनामात. मराठीत ते विशेषणात व क्रियापदातही उतरते. ‘उमेदवाराने अर्ज केलेला असावा’ या वाक्यात क्रियापद ‘अर्ज’ शब्दाप्रमाणे चालते, त्यामुळे उमेदवार पुरुष की स्त्री हे झाकले जाते. परंतु ‘उमेदवार उत्तीर्ण झालेला असावा’ म्हणताच ‘तो’ पुन्हा प्रकट होतो. नियम मराठीत लिहिताना म्हणूनच लेखकाला कर्त्याला ‘ने’ प्रत्यय लागेल अशी वाक्ये योजता येतील, किंवा ‘उमेदवार उत्तीर्ण झालेले असावेत’ असे आदरार्थी अनेकवचन घेता येईल. तिरपी रेघ ओढून दोन्ही रूपे लिहिण्यापेक्षा हा मार्ग मराठीच्या प्रकृतीस अधिक मानवणारा आहे.

(६)

या ‘तो’ ला मराठी माणसाने दिलेले एक उत्तर येथे नोंदविले पाहिजे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यास महिला विद्यापीठ स्थापिले. त्याने स्वतःची प्रवेशपरीक्षा ठेवली, शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले आणि इंग्रजी हा विषय म्हणून शिकविला. एका नियमावलीत दोन्ही बंद दरवाजे एकदम उघडले : भाषेचा व स्त्रीचा. भाषाशास्त्रदृष्ट्या त्याहून लक्षणीय आहे ते पदवीचे नाव. बी.ए. ऐवजी तेथे जी.ए., म्हणजे ‘गृहीतागमा’, ही पदवी देण्यात आली. जिने आगम, म्हणजे शास्त्र, ग्रहण केले ती गृहीतागमा. शब्दाच्या अंती असलेला ‘आ’कार स्त्रीलिंगाचा आहे. पुल्लिंगी शब्दात समावेश करून घ्या, अशी विनंती त्यात नाही. पदवीचे नाम मुळातच स्त्रीलिंगी घडविले आहे.

‘बॅचलर’ या शब्दाशी तुलना केली म्हणजे याचे महत्त्व कळते. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘बाकालारिउस’ म्हणजे खालच्या दर्जाचा, उमेदवारी करणारा तरुण. विद्यापीठातील पहिल्या पायरीचा पदवीधर हा त्याचाच एक अर्थ. ‘अविवाहित पुरुष’ हा अर्थ त्यास नंतर चिकटला. आपल्या परंपरेतील ‘स्नातक’ हा शब्द नेमका उलट दिशेचा आहे. विद्या संपवून, समावर्तनाचे स्नान करून जो घरी परततो आणि गृहस्थाश्रमास पात्र होतो तो स्नातक. एकात ब्रह्मचर्य चालू आहे, दुसऱ्यात ते संपले आहे. पुरुष मात्र दोन्हींत गृहीत आहे. कर्वे यांच्या पदवीनामाने ही दोन्ही गृहीते बाजूस सारली.

तथापि शब्द घडविणे सोपे आणि त्यास चलन मिळवून देणे कठीण. या विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास. तोवर गृहीतागमा झालेल्या स्त्रीला सरकारी नोकरीच्या बाजारात बी.ए.ची बरोबरी सांगता येत नव्हती. मान्यतेबरोबर बी.ए. हे नावही आले आणि ‘गृहीतागमा’ हा शब्द इतिहासजमा झाला. ज्या नाण्यावर राजाची मुद्रा नाही ते सोन्याचे असले तरी बाजारात चालत नाही, तसेच हे झाले.

(७)

पुढील इतिहास सर्वपरिचित आहे. कलकत्ता विद्यापीठ आयोगाने १९१९ साली आपल्या अहवालात इंटरनंतर विद्यापीठ-प्रवेश व तीन वर्षांची पदवी ही शिफारस केली. राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली बारा वर्षांच्या शिक्षणानंतरच्या प्रवेशाचा आग्रह धरला. कोठारी आयोगानंतर, १९७० नंतरच्या दशकात, महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. मॅट्रिक ही परीक्षा त्याआधीच, १९४९ च्या सुमारास, विद्यापीठाच्या हातून शालान्त मंडळाच्या हाती गेली होती. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची, मध्येच बाहेर पडण्याची व पुन्हा आत येण्याची सोय केली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोनांनंतर पदविका, तीनांनंतर पदवी, चारांनंतर सन्मान पदवी. ‘श्रेयांक’ हा नवा शब्द विद्यार्थ्यांच्या कानी पडू लागला आहे. तो ‘केटी’सारखाच अर्थ हरवून रूढ होणार, की अर्थासह रूढ होणार, हे आपल्या हाती आहे.

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात असे वाटते. पहिली, प्रवेशाचा नियम कोणाला बाहेर ठेवतो हे त्यात लिहिलेल्या शब्दांवरून जितके कळते, तितकेच न लिहिलेल्या गृहीतांवरून कळते. मुंबईच्या नियमांत स्त्रियांना मनाई नव्हती आणि गरिबांनाही मनाई नव्हती. सर्वनामाने व टर्म्सनी ते काम केले. दुसरी, नियम न बदलताही अर्थ बदलता येतो, हे १८८३ ने दाखविले. म्हणून ‘नियमात बसत नाही’ हे उत्तर देणाऱ्याने तो नियम शब्दाने आड येतो की आपल्या इच्छेने, हे स्वतःस एकदा विचारावे. तिसरी गोष्ट आपल्या कामाची. नियम ज्याच्यासाठी आहेत त्याला ते त्याच्या भाषेत कळले पाहिजेत. १८५७ साली ही अपेक्षा करणे व्यर्थ होते. आज ती न करणे हा अपराध आहे.

विद्यापीठातील भाषा विभागांनी पदवी-नियमांतील पारिभाषिक शब्दांचा एक छोटा अर्थसहित कोश तयार करून तो प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावा, अशी या निमित्ताने सूचना आहे. पंधरा-वीस पाने पुरतील. संशोधन म्हणून त्याची गणना होणार नाही, हे खरे. परंतु ज्या मुलीचे सत्र चार अक्षरांपायी वाया गेले, तिच्या दृष्टीने आपल्या विभागाचे ते सर्वांत उपयुक्त प्रकाशन ठरले असते.